क्लॅरिनेटची रीड पावसाळ्यात टिकत नाही: भिजवायची किती, वाळवायची कशी?

सुरपेटी (नेरूळ)
६ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. शाळेच्या बँडमध्ये आठवी ते दहावी मी क्लॅरिनेट वाजवायचे. त्यानंतर एकोणीस वर्षं वाद्य माळ्यावर होतं. गेल्या दिवाळीत खाली काढलं, पॅड बदलून घेतले आणि आता रोज रात्री जेवणाआधी पाऊण तास वाजवते. मे महिन्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची पातळ पट्टी, फुंकलं की ती थरथरते आणि स्वर उमटतो; नंबर जितका मोठा तितकी ती कडक. अडीच नंबरची एक रीड मला महिना-दीड महिना सहज पुरायची.

जून लागला आणि चार आठवड्यांत तीन रीड गेल्या. पहिलीच्या टोकाला लाटा आल्या, त्या गेल्याच नाहीत. दुसरीचा आवाज बसला. वरच्या सप्तकात गेलं की स्वर उतरायचा. तिसरीच्या बुडाशी काल काळे ठिपके दिसले. एक रीड तीनशेच्या घरात पडते, तेही आहेच. पण एखादी रीड कुठे ओठांना बसू लागते आणि तेवढ्यातच जाते, त्याची हळहळ जास्त वाटते.

मी काय करते ते सांगते. परदेशी वादकांचे व्हिडिओ पाहून वाजवण्याआधी रीड दहा मिनिटं ग्लासभर पाण्यात बुडवते. वाजवून झालं की पुसते आणि तिच्याच प्लास्टिकच्या पाकिटात घालून वाद्याच्या केसमध्ये ठेवते. "रीड कधीही पूर्ण सुकू देऊ नका, डब्यात ओला स्पंज ठेवा" असंही एकाने सांगितलं होतं. ठिपके आले ते स्पंजवाल्या रीडवर.

ठाणे-नवी मुंबईत वाजवणारे कोणी असतील तर सांगा, इथल्या हवेत तुम्ही रीड कशी सांभाळता?

चेंदणीकर (ठाणे)
६ जुलै, रात्री ११:३५

ताई, आधी तो स्पंज फेकून द्या.

आमचा बँड आहे. कोळीवाड्यातल्या हळदी, वराती, साखरपुडे. आजोबा वाजवायचे, मग वडील, आता मी आणि धाकटा भाऊ. आमच्यात रीड कोणी पाण्यात बुडवत नाही. तोंडात धरायची, मिनिटभर दोन्ही बाजूंनी ओली करायची, लावायची, फुंकायची. पहिल्या गाण्यात थोडी चिरकली तर चिरकू द्यायची, दुसऱ्या गाण्याला ती जागेवर येते. दहा मिनिटं पाण्यात म्हणजे फार झालं. पाणी पोटात गेलं की रीड जड होते, मग तुम्ही जोर लावता आणि टोक लवकर मरतं.

पावसाळ्यात पापडाचा डबा उघडा राहिला की पापड सादळतो ना, तशी रीड सादळते. तिला भिजवायची चिंता तुम्ही करूच नका, ते काम आमच्या खाडीची हवाच करते. चिंता वाळवण्याची करा. सुपारी, म्हणजे ठरलेला कार्यक्रम, संपली की वडील आधी रीड काढायचे, मग पाणी प्यायचे. रीड माउथपीसवर (तोंडात धरायच्या भागावर) तशीच ठेवून केस बंद केलेली दिसली की ओरडा ठरलेला.

घोडबंदरी (कासारवडवली)
७ जुलै, सकाळी ७:२०

चेंदणीकरांचं वाळवण्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तोंडात ओली करण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

मी पाश्चात्त्य संगीत वाजवतो, पंधरा-सोळा वर्षं झाली. रीड म्हणजे काय ते आधी पाहू. ती बांबूची नसते. अरुंडो डोनॅक्स नावाचा उंच नळ असतो, गवताच्या कुळातला. त्याच्या खोडापासून रीड कापतात. सर्वांत नावाजलेला माल दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातला. तिथे दोन वर्षं वाढलेला नळ हिवाळ्यात तोडतात, उन्हात वाळवतात आणि बराच काळ मुरवून मगच कापतात. म्हणजे तो भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हात पक्का झालेला असतो. तो आपण आणतो कुठे, तर जुलैतल्या घोडबंदर रोडला.

या नळात लांबीच्या दिशेने कडक तंतू असतात आणि मध्ये मऊ गर. पाणी प्यायल्यावर तो लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत आणि जाडीत फुगतो. रीडचं टोक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकं पातळ असतं, म्हणून ते सगळ्यांत आधी फुगतं. मागचा जाड भाग अजून कोरडा असतो आणि तो टोकाला पसरू देत नाही. त्यामुळे टोकाला लाटा येतात. सुरपेटी, पहिली रीड याच कारणाने तशी दिसत असणार. अशी रीड बऱ्याचदा मेलेली नसते. पूर्ण रीड दोन मिनिटं पाण्यात ठेवा, मग माउथपीसच्या सपाट भागावर टोक अंगठ्याने हलकेच दाबून धरा. बहुतेक वेळा लाटा बसतात.

आता लाळेविषयी. लाळेत अमायलेज असतं, पिष्टाचं विघटन करणारं. शिवाय प्रथिनं, साखर, जेवणाचे कण. हे सगळं गरात शिरतं आणि तिथेच राहतं. वाजवताना लाळ लागणारच, ती टाळता येत नाही. पण सुरुवातीला पाण्याने भरलेल्या रीडमध्ये लाळेला जागा कमी उरते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी छोट्या डबीत साधं पाणी ठेवतो. कोमट, गरम नाही. हिवाळ्यात तीन मिनिटं, पावसाळ्यात एक मिनिट, कधी तेवढंही नाही. रीड अर्धी पारदर्शक दिसू लागली तर ती जास्त झाली.

चेंदणीकर
७ जुलै, सकाळी ९:०५

दादा, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण हळदीच्या मांडवात मी पाण्याची डबी कुठे ठेवू? तिथे पाय ठेवायला जागा नसते.

लाळेचं एक मात्र मी मानतो. आमच्यातले दोघं तंबाखू खायचे. त्यांच्या रीड आठवड्यात तपकिरी व्हायच्या, वास यायचा आणि टोकाला चिकटा. ज्या पोराने तंबाखू सोडली त्याची रीड आता तिप्पट टिकते. मध्येच चहा झाला तर मी सगळ्यांना चूळ भरायला लावतो. साखरेचा चहा पिऊन लगेच वाजवलं की रीडवर ती साखर बसते आणि रात्रीत मुंग्या लागतात. हे डोळ्यांनी बघितलंय.

शाळेचा_डबा (वाशी)
७ जुलै, दुपारी २:१५

खूप उपयोगी धागा आहे. माझा मुलगा सहावीत आहे, शाळेच्या बँडमध्ये याच वर्षी क्लॅरिनेट मिळालं. दोन नंबरची रीड दिली आहे. पंधरा दिवसांत दोन रीडची टोकं तुटली. तो म्हणतो काहीच केलं नाही. दुपारी डबा खाऊन थेट सरावाला जातात, ते आता वरचं वाचून लक्षात आलं. दुसरं म्हणजे रीड पुसायची कशी? तो रुमालाने घासतो.

घोडबंदरी
७ जुलै, दुपारी ४:४०

ताई, टोक तुटतं ते बहुतेक तीन वेळी: लिगेचर (रीड माउथपीसला आवळून धरणारी पट्टी) वरून सरकवताना, माउथपीसची टोपी तिरकी बसवताना आणि पुसताना. त्याला एवढंच शिकवा की लिगेचर आधी माउथपीसवर सैल बसवायचं आणि रीड वरून, बुडाकडून आत सरकवायची. हात नेहमी मागच्या जाड भागालाच. टोकाला बोट लावायचं नाही.

पुसताना बुडाकडून टोकाकडे, एकाच दिशेने, बोटावर सुती कापड घेऊन. उलट्या दिशेने कापडाचा धागा टोकात अडकला की तुकडा निघतो. वाजवून झालं की आधी नळाखाली दोन्ही बाजू धुवायच्या. हे धुणं बरेच जण टाळतात आणि माझ्या मते रीडचं आयुष्य वाढवणारी सगळ्यांत स्वस्त गोष्ट तीच आहे.

पाण्याबद्दल एक. आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतात. त्या पाण्याने नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, तोच रीडवरही बसतो. तेव्हा मी पिण्याचं गाळलेलं पाणी वापरतो. तुम्हाला वाशीत मोरब्याचं पाणी येतं, ते चालेल.

चौघडा (कळवा)
७ जुलै, रात्री ९:३०

मी सनईवाला, क्लॅरिनेट नंतर शिकलो. आमच्या सनईची पत्ती तर इवलीशी, दुहेरी. ती तोंडातच ओली करतात आणि जास्तीच्या पत्त्या दोऱ्याने सनईलाच लटकवलेल्या असतात, हवेवर. डबी नाही, पाकीट नाही. लहानपणी मला ती सजावट वाटायची. पावसात वाजवायला लागल्यावर तिचा अर्थ कळला. हवा लागते म्हणून त्या सर्द होत नाहीत आणि एक बसली की दुसरी लगेच हाताशी येते.

क्लॅरिनेटवर राग वाजवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो. रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी हे वाद्य हिंदुस्थानी रागसंगीतात गाजवलं, दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीतात. या वाजवण्यात मींड लागते, ओठ सैल-घट्ट करून स्वर ओढावा लागतो. त्यामुळे आपल्याला मऊ रीड आवडते. पण मऊ रीड सादळली की तिच्यात काही उरतच नाही, गंधार लावायला जावं आणि तो रिषभाकडे घसरावा. मी जून ते सप्टेंबर अर्धा नंबर वरची घेतो. एरवी अडीच, पावसात तीन. दमट हवेत ती आपोआप माझ्या ओठांइतकी मऊ होते.

सुरपेटी
७ जुलै, रात्री ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. लाटा आलेली रीड घोडबंदरी सांगतात तशी दाबून पाहिली. खरंच सरळ झाली! आज अर्धा तास वाजवली. चौघडा, अर्धा नंबर वर जाण्याचं कधी सुचलंच नव्हतं.

आता मुख्य प्रश्न. वाळवायची म्हणजे नेमकी कशी? पंख्याखाली ठेवली तर वाकडी होते, पाकिटात ठेवली तर बुरा येतो. आणि ठिपक्यांची रीड धुऊन वापरता येईल का?

प्राणवायू (पाचपाखाडी)
८ जुलै, सकाळी ८:००

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, वाद्य वाजवत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो: नाही. ती रीड टाकून द्या.

काळा ठिपका पृष्ठभागावर दिसतो तेव्हा बुरशीचे धागे आत गेलेले असतात, वरून धुऊन ते निघत नाहीत. तुम्ही ती तोंडात धरून खोल श्वास घेता. २०१६ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या एका बॅगपाइप वादकाची नोंद आली होती. त्याला अनेक वर्षं कोरडा खोकला आणि धाप. परदेशात तीन महिने वाद्याविना राहिला तेव्हा बरं वाटलं, परतल्यावर त्रास पुन्हा सुरू. वाद्याच्या आत बुरशी आणि यीस्ट सापडलं. तो वाचला नाही. सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांमध्येही असा आजार आढळला आहे. हा आजार क्वचित होतो, त्यामुळे घाबरून वाजवणं सोडू नका. पण रीड, माउथपीस आणि वाद्याचा आतला भाग प्रत्येक वेळी कोरडा करा. वाजवल्यावर काही तासांनी खोकला, कणकण, छातीत जडपणा असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना वाद्याचा उल्लेख जरूर करा. आम्हाला ते सांगितल्याशिवाय सुचत नाही.

मीठभाकर (ऐरोली)
८ जुलै, रात्री १०:१५

वाळवण्याचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. रबाळ्याला एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि मुलगी क्लॅरिनेट वाजवते, म्हणून दोन वर्षं यात डोकं घातलं.

रीडचा नळ, लाकूड, कागद, हे सगळे हवेतल्या आर्द्रतेशी तोल साधतात. हवा दमट झाली की पाणी घेतात, कोरडी झाली की सोडतात. रीडचं नुकसान ओलं असण्याने जितकं होतं त्याहून जास्त वर-खाली होण्याने होतं: फुगली, आकसली, पुन्हा फुगली. शिवाय आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी येते. आपल्याकडे पावसाळ्यात ८५-९० रोजचंच. म्हणून रीड ज्या डब्यात राहते तिथली आर्द्रता ६०-७०च्या दरम्यान आणि शक्य तितकी स्थिर राहायला हवी.

परदेशी लोक हाच आकडा खालून वर जाऊन गाठतात. त्यांच्याकडे हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कडकडीत कोरडी होते, रीडला चिरा पडतात, म्हणून ओला स्पंज. आपल्याला तोच आकडा वरून खाली येऊन गाठायचा आहे. सुरपेटीताई, तुमची चूक झाली नाही. सल्ला दुसऱ्या हवेतला होता.

आर्द्रता राखणारी जी पाकिटं मिळतात त्यांच्या आत क्षारांचं संपृक्त द्रावण असतं. प्रत्येक क्षाराची आपली आर्द्रता ठरलेली असते. घरातल्या मिठाचं बघा: मीठ थोड्या पाण्यात इतकं घालायचं की ते विरघळून तळाला उरेल, खिरीसारखं ओलसर. बंद डब्यात ते हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. तापमान १० अंश असो की ४०, फरक नगण्य. हवा जास्त दमट असेल तर मीठ पाणी ओढतं, कोरडी असेल तर सोडतं. रीडसाठी ७५ मला जरा जास्त वाटतं, पण एका कामाला हे उत्तम आहे. बाजारात स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक मिळतात, त्यांचे आकडे बरेचदा चुकतात. बाटलीच्या झाकणात ओलं मीठ, शेजारी मापक, दोन्ही हवाबंद डब्यात रात्रभर. सकाळी आकडा ७५ असायला हवा. ८१ दाखवला तर तुमचा मापक ६ ने जास्त दाखवतो, तेवढे वजा करत जा.

पाकिटं घेताना ५८ किंवा ६२ची घ्या. ८४चंही मिळतं. ते आपल्याकडे पावसाळ्यात कोणी वापरू नये, तो सरळ बुरशीचा आकडा आहे.

सिलिका जेल जपून. लहान हवाबंद डब्यात ते आर्द्रता ३०च्याही खाली नेतं आणि मग रीड वाकते. निळ्या रंगाचं, ओलं झाल्यावर गुलाबी होणारं तर नकोच. त्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, तोंडात जाणाऱ्या वस्तूजवळ ते ठेवू नये. तांदूळ ठेवणारेही भेटले. तांदळाने विशेष फरक पडत नाही आणि आठवड्यात त्यात किडे होतात.

चेंदणीकर
८ जुलै, रात्री १०:५५

मीठभाकर दादा, +१०१. मिठागरं बघत मोठा झालो, पण मिठाचं हे माहीत नव्हतं.

घोडबंदरी
९ जुलै, सकाळी ७:४५

मीठभाकर, ही पोस्ट साठवून ठेवली. वाळवण्याची माझी पद्धत सांगतो, ती यात बसते का बघा.

वाजवून झालं की धुणं, पुसणं. मग रीड काचेवर, सपाट बाजू वर करून, दहा-पंधरा मिनिटं. पंख्याच्या थेट खाली नाही, खोलीत पंखा चालू असला तरी पुरे. पृष्ठभागावरचं पाणी गेलं की उलटी करून सपाट बाजू काचेवर. यानंतरच डब्यात. ओली रीड बंद डब्यात घातली तर कुठलंही पाकीट तिला वाचवणार नाही. डबा असा हवा की रीड सपाट राहील आणि खालून हवा जाईल, बारीक खाचा असलेला. रीडसोबत येणारं पाकीट हे विकण्यासाठी असतं, रोज ठेवण्यासाठी नाही.

काच ॲल्युमिनियम सेक्शनवाल्याकडून घ्यायची, चार बाय सहा इंच, कडा घासून. ती दुसऱ्या कामालाही येते. महिनाभराने रीडची सपाट बाजू फुगून किंचित गोल होते. मग ती माउथपीसवर नीट बसत नाही, बाजूने हवा सुटते, चिरकते. हार्डवेअरच्या दुकानातून ६०० नंबरचा वॉटर पेपर (बारीक घासकागद) आणायचा, काचेवर पसरायचा आणि कोरड्या रीडची सपाट बाजू त्यावर पाच-सहा वेळा, अगदी हलक्या हाताने. टोक कागदाच्या बाहेर ठेवायचं. टोक घासलं गेलं तर रीड संपली.

आणि नवीन रीड पहिल्या दिवशी तासभर वाजवू नका. पहिला दिवस पाच मिनिटं, तेही मधल्या सप्तकात, हळू. दुसऱ्या दिवशी दहा. पाचव्या-सहाव्या दिवशी पूर्ण सराव. चार रीड एकाच वेळी तयार करायच्या, बुडावर पेन्सिलीने १ ते ४ लिहायचं आणि आळीपाळीने वाजवायच्या. प्रत्येकीला तीन दिवस विश्रांती मिळते आणि ती आतपर्यंत सुकते. माझ्या चार रीड मिळून चार महिने जातात. एकच रोज वाजवली असती तर प्रत्येक जेमतेम तीन आठवडे, म्हणजे चार मिळून तीन महिनेही नाहीत.

चौघडा
९ जुलै, सकाळी १०:२०

चार दिवसांतून एकदा वाजवण्याचा एक तोटा. चारही वेगवेगळ्या वागतात. ओठाला रोज नवी सवय करावी लागते. मैफल असेल तर मी आधीचे चार दिवस एकीवरच राहतो. बाकी वेळी मान्य.

शाळेचा_डबा
९ जुलै, दुपारी १:३०

हायड्रोजन पेरॉक्साइडने रीड स्वच्छ करतात असं कुठेतरी वाचलं. मुलासाठी सुरक्षित आहे का?

मीठभाकर
९ जुलै, रात्री ९:५०

करतात, पण एक काळजी घ्या. परदेशी माणूस सांगतो ते ३ टक्क्यांचं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात बहुधा "२० व्हॉल्यूम" लिहिलेली बाटली मिळते, ती साधारण ६ टक्के असते. तेवढंच पाणी घालून निम्मं करा. रीड पाच मिनिटं त्यात, बुडबुडे येतील, मग वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायची आणि वाळवायची. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. हे मोठ्यांनी करावं, मुलाच्या हातात बाटली देऊ नका. आणि डॉक्टरसाहेब म्हणाले तेच, बुरशी दिसणाऱ्या रीडवर हा उपाय नाही.

चेंदणीकर
१० जुलै, रात्री ११:२०

एक जुनी गोष्ट सांगतो, मग झोपतो. वडिलांच्या वेळी परदेशी रीड धोबी तलावला जाऊन आणायची, तीही कधी असायची, कधी नसायची. मऊ पडलेली रीड टाकायची सोय नव्हती. वडील चार आण्याचं नाणं रीडच्या टोकावर धरायचे, केसभर टोक बाहेर ठेवायचे आणि काडीपेटीच्या ज्योतीने तेवढंच जाळायचे. नाण्याची गोलाई आणि टोकाची गोलाई सारखीच येते. टोक मागे सरकलं की रीड पुन्हा कडक. वर ब्लेडने दोन-चार हात फिरवायचे, कानाला लावून टिचकी मारायची. एक रीड त्यांनी अख्खा लग्नाचा हंगाम चालवली आहे. आता टोक कापायचं यंत्र मिळतं, भावाकडे आहे. मी अजून नाणंच वापरतो. ते नाणं वडिलांचंच आहे.

सुरपेटी
१६ ऑगस्ट, रात्री १०:३०

जवळजवळ सहा आठवड्यांनी परत आले. मुद्दाम थांबले, काय होतं ते पाहून लिहायचं होतं.

मापक घेतला, मिठाने तपासला. तो ४ ने जास्त दाखवतो. ते वजा करून माझ्या नेरूळच्या खोलीत रात्री ८७-८८, एसी तासभर चालला की ५५. म्हणजे रोज रात्री माझी रीड ८८ वरून ५५ वर आणि सकाळी पुन्हा वर. वाद्याची केस एसीच्या समोरच्या कपाटावर असायची, हे मीठभाकर यांचं वाचेपर्यंत कधी मनात आलं नव्हतं. आता चार रीड खाचांच्या डब्यात, ६२चं पाकीट, डबा आतल्या कपाटात. डब्यात आकडा ६३ ते ६६ राहतो. पाकीट महिन्याभरात पाणी पिऊन टम्म फुगलं होतं, दोन दिवस एसीच्या खोलीत उघडं ठेवलं, जरा बसलं.

पाण्यात मी आता फक्त मिनिटभर ठेवते. पाऊस जोरात असेल त्या दिवशी चेंदणीकरांसारखी नुसती तोंडात. चारपैकी '२' लिहिलेली रीड गेली, माझ्या हातून टोपी लागली. बाकी तिन्ही चालू आहेत. '३' लिहिलेली रीड सुरुवातीला इतकी कडक होती की बाजूला टाकणार होते. आता तीच सगळ्यांत चांगली आहे. काल तिच्यावर यमन वाजवला, वरचा षड्ज दहा आकडे मोजेपर्यंत धरला आणि तो हलला नाही.

चौघडा
१६ ऑगस्ट, रात्री ११:००

वा! ती '३' लिहिलेली जपून ठेवा.

शाळेचा_डबा
१७ ऑगस्ट, सकाळी ११:४५

मुलाची एक रीड पाच आठवडे टिकली. डब्यानंतर चूळ भरायची आठवण तो आता बँडमधल्या सगळ्यांना करतो. स्वातंत्र्यदिनाला त्यांनी राष्ट्रगीत वाजवलं. सरांनी प्लास्टिकच्या रीडबद्दल विचारलं आहे, घ्यावी का?

घोडबंदरी
१७ ऑगस्ट, दुपारी ३:१०

शिकताना अरुंडो नळाची रीड सांभाळायची सवय लागलेली बरी, म्हणून मी लगेच नको म्हणेन. पण एक कृत्रिम रीड केसमध्ये असावी. ती भिजवावी लागत नाही, सादळत नाही, ध्वजवंदनाला पावसात उभं राहायचं असेल तेव्हा उपयोगी. महाग असते, पण खूप महिने जाते. ती सुद्धा धुवायची आणि पुसायची, बुरशी तिच्यात शिरत नाही तरी थर बसतोच. आवाज माझ्या कानाला थोडा सपाट वाटतो. बाहेर मैदानात तो फरक कुणाला कळणार नाही.

सुरपेटी
१७ ऑगस्ट, रात्री १०:०५

आणि ऑक्टोबरनंतर? पाऊस गेल्यावर पुन्हा जास्त भिजवायची का?

चेंदणीकर
१७ ऑगस्ट, रात्री ११:४०

ताई, दसऱ्यापर्यंत हेच चालू ठेवा. तुळशीच्या लग्नानंतर आमचा हंगाम सुरू होतो, तेव्हा रात्री मैदानात गार वारा असतो. दोन गाण्यांमध्ये पाच मिनिटं थांबलं तरी टोक सुकतं आणि तिसऱ्या गाण्याची पहिली फूक चिरकते. तेव्हा थांबताना माउथपीसवर टोपी घालून ठेवायची, आणि वाजवायच्या आधी रीड पुन्हा तोंडात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी पूर्वेकडून कोरडा वारा येतो, त्या दिवसांत घोडबंदरी दादांची पाण्याची डबी मीही बरोबर घेईन. मांडवात जागा करतो कुठेतरी.